अलिबागला जागा घ्यायची तर समुद्र शेवटी बघा

घोडबंदर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की हमखास एक होर्डिंग समोर येतं: निळं पाणी, दोन माड, पांढरा बंगला आणि खाली ‘सी-टच प्लॉट, सुलभ हप्ते’. वाशीला मालमत्ता प्रदर्शन भरलं की तिथेही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या स्टॉलवर बायका-पोरांसह माणसं उभी असतात. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत मुलं मार्गी लागली आणि घराचं कर्ज फिटत आलं की हा विषय जेवणाच्या टेबलावर येतोच.

ओढ खोटी नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं, नागाव-आक्षी-चौलच्या वाड्यांत माड-पोफळीखाली एप्रिलमध्येही सावली मिळते, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते, आणि येताना भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याची माळ डिकीत टाकता येते. शंभरेक किलोमीटरवर हे सगळं असताना माणसाला तिथे आपलं चार भिंतींचं काहीतरी असावंसं वाटणारच.

पण खरेदीखतात समुद्राचा उल्लेख नसतो. त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, चतु:सीमा असतात आणि नशीब चांगलं असेल तर जाण्यायेण्याचा रस्ता असतो. नवखा माणूस आधी समुद्र बघतो, मग भाव विचारतो, टोकन देतो आणि त्यानंतर कागद मागतो. हा क्रम उलटा करायचा. खाली त्याच उलट्या क्रमाने सांगतो आहे. उदाहरण अलिबाग तालुक्याचं घेतलं आहे, पण मुरूड-श्रीवर्धनलाही बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

पहिली पायरी: किती वेळा जाणार?

घरात बसून प्रामाणिकपणे हिशोब करा. मुलांच्या परीक्षा, लग्नं, गणपती, आईवडिलांची दुखणी, ऑफिसचे शनिवार वजा केले की वर्षात किती शनिवार-रविवार उरतात? आकडा दहा-बाराच्या खाली आला तर त्याच गावात चांगल्या घरगुती मुक्कामाला दरवेळी पैसे मोजून राहणं बहुतेकदा स्वस्त पडतं, आणि छप्पर गळतंय का ही काळजी दुसऱ्याची राहते. निवृत्तीनंतर तिथेच जाऊन राहायचं असेल तर प्रश्न वेगळा. मग समुद्र किती मिनिटांवर आहे यापेक्षा रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर गाडी कुठल्या रस्त्याने आणि कुठल्या दवाखान्यात जाणार, हे आधी बघावं लागतं. त्या दृष्टीने अलिबाग शहराच्या जवळची साधी जागा लांबच्या निवांत गावापेक्षा उजवी ठरते.

‘गुंतवणूक म्हणून घेतोय’ हे कारण मला फारसं पटत नाही. अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला, रेवस-करंजा पूल होतो आहे. या प्रत्येक बातमीचा भाव मालक आणि एजंट तुमच्या आधी लावून बसलेले असतात. विकायची वेळ आली की गिऱ्हाईक शोधायला महिने जातात. स्वतः वापरायची असेल तरच घ्या, भाव वाढला तर वरकमाई समजा.

दुसरी पायरी: रस्ता रविवारी संध्याकाळी बघा

मांडव्याची बोट आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो दक्षिण मुंबईकराला सोयीची. ठाण्याच्या माणसाला आधी भायखळ्यापर्यंत जाऊन मग बोट पकडणं म्हणजे आडवळण. तुमचा खरा रस्ता पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड हाच. अटल सेतूही ठाणेकराच्या वाटेत येत नाही. उलट मुंबईची गर्दी चिर्ल्याला उतरवून तुमच्या पुढे आणून सोडतो.

एजंट तुम्हाला मंगळवारी सकाळी सहाला निघायला सांगेल. तसं करू नका. शनिवारी सकाळी आठला निघा आणि रविवारी संध्याकाळी पाचला परत फिरा. वडखळ नाक्यावर आणि पुढे पनवेलपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढाच पुढची वीस वर्षं लागणार, असं धरून निर्णय घ्या. वडखळ ते अलिबाग रस्ता अरुंद आहे आणि जोडून सुट्ट्या आल्या की तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. खारघर-पनवेलवाल्यांना हा प्रवास ठाणेकरांपेक्षा निम्मा जड जातो, हेही खरं.

तिसरी पायरी: नेमकं काय घेताय?

चार प्रकार समोर येतील. फ्लॅट किंवा रो-हाऊस, एनए (बिगरशेती) प्लॉट, शेतजमीन आणि जुनी वाडी किंवा गावठाणातलं घर.

फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आहे का ते बघा. काम चालू असेल तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी हवी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर प्लॉटिंगच्या प्रकल्पालाही ही नोंदणी लागते. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या गावी नसते. जाहिरातीत क्रमांक आणि क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. कोड स्कॅन करा आणि मंजूर आराखड्यात तुमचा प्लॉट क्रमांक खरंच आहे का ते पाहा. आराखड्यात जिथे बाग दाखवली आहे तिथला प्लॉट विकायला काढणारे महाभागही भेटतात.

शेतजमिनीला महाराष्ट्रात मोठी अट आहे. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या अनेकांच्या नावावर सातारा, कोल्हापूर, जळगावकडे वडिलोपार्जित दोन-चार गुंठे असतात. तो सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. नसेल तर ‘दाखल्याचं मी बघतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी पुढे कधीही अंगाशी येते, आणि तोवर तो एजंट दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

‘फार्महाऊस प्लॉट’ हा सगळ्यात फसवा शब्द. दोन एकराची शेतजमीन घेऊन तिच्यावर चुन्याच्या रेघा मारायच्या, प्रत्येकी तीन-चार गुंठे विकायचे आणि सगळ्यांची नावं एकाच सामायिक सातबाऱ्यावर चढवायची, असा हा उद्योग. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा त्याने अडवला जातो. २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. अलीकडे तुकडेबंदीत सवलती आल्या, पण त्या नागरी आणि नियोजित निवासी भागासाठी. डोंगरापलीकडच्या वरकस (हलक्या प्रतीच्या) जमिनीवर ‘आता एक गुंठाही चालतो’ असं कोणी सांगितलं तर आधी झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या भागात येते त्याचा कागद) मागा. सामायिक सातबाऱ्यात तुमच्या वाट्याला कागदावर अमुक हिस्सा येतो, पण तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठे ते कुठेच लिहिलेलं नसतं. शेजाऱ्याने कुंपण तुमच्या विहिरीपलीकडे सरकवलं तर दाद मागायला कागद नाही.

‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, एनए लागतच नाही’ हेही अर्धं खरं आहे. जमीन महसूल संहितेतल्या तरतुदीमुळे वेगळी एनए परवानगी टळते. पण रूपांतरणाचे पैसे भरावे लागतात आणि बांधकामाची परवानगीही काढावी लागते. पावती आणि परवानगी दाखवा म्हणा.

चौथी पायरी: सातबारा ओळ-ओळ वाचा

इथे घाई करू नका, कारण बहुतेक भांडणं इथेच पिकतात. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) स्वतः काढा, एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा त्यापेक्षा किंचित मोठा, १,०८९ चौरस फूट. एजंट गुंठ्यात बोलतो, कागद आरमध्ये, आणि तुमचं डोकं ठाण्यातल्या फ्लॅटच्या स्क्वेअर फुटांत चालतं. तिन्ही एकाच एककात आणून बघा. पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) वेगळा दाखवलेला असतो, तोही मोजा.

भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी किंवा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. मग ‘इतर अधिकार’ हा रकाना. कोकणात इथेच खरी गोष्ट लपलेली असते. ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं दिसलं की ती जमीन कुळाला, म्हणजे पूर्वी ती कसणाऱ्याला, कायद्याने मिळालेली आहे. कुळाला प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून बंधन सुटतं, पण ती भरल्याची पावती आणि तसा फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) दिसायला हवा. बँक किंवा सोसायटीचा बोजा, देवस्थान इनाम, खासगी वनाची नोंद, आदिवासी खातेदाराच्या नावापुढे कलम ३६ चा शेरा, यांपैकी काहीही असेल तर वकील ‘पुढे जा’ म्हणेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. रायगडात कातकरी आणि ठाकूर समाजाच्या जमिनी बऱ्याच आहेत आणि त्यांच्या हस्तांतरणावर कडक निर्बंध आहेत. ते असायलाच हवेत असं माझं मत आहे.

नंतर वारस. कोकणातली वाडी म्हणजे आजोबांचं नाव, त्याखाली सात काका, त्यातले चार मुंबईत आणि एक आत्या नालासोपाऱ्याला. तिला विचारायचं सगळे विसरलेले असतात. हिंदू वारसा कायद्यातली मुलींच्या हक्काची २००५ ची दुरुस्ती तर लांबच, आत्याची वारसनोंदच झालेली नसते. विकणारा म्हणेल, ‘ती काही मागणार नाही हो.’ मागणार नसेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्रावर सही करायला तिला अडचण नसावी. जुने फेरफार एकेक काढून वाचले की कोण कधी गळलं ते कळतं. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) बहुधा मदत करतात, जरा नीट बोललं की झालं.

वकील अलिबागमधलाच घ्या. ठाण्याचा तुमचा ओळखीचा वकील हुशार असेल, पण कुठल्या गटावर कुठला दावा पंधरा वर्षं पडून आहे हे तिथल्या कोर्टात रोज बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याच्याकडून जमिनीच्या व्यवहारांचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि ‘कृषीवल’सारख्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. मुंबईच्या इंग्रजी पेपरातली नोटीस गावात कोण वाचतो? एजंटनेच सुचवलेला वकील मात्र नको.

शेवटी मोजणी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करा आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्यावरच मोठी रक्कम द्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते, ते येतात, आणि त्या दोन तासांत बांधावर जी बोलणी होतात त्यातून गावाचा सगळा इतिहास कानावर पडतो.

पाचवी पायरी: भरतीची रेषा

आता समुद्राकडे वळू. किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे बोलीतलं सीआरझेड, समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत लागू असतं. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर हा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. खाडीकाठी ही मर्यादा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढी, जे कमी असेल ते. मोठं कांदळवन असेल तर त्याच्या भोवतीही ५० मीटर सोडावे लागतात. ‘क्रीक व्ह्यू’ प्लॉट घेणाऱ्यांच्या हे ध्यानातच नसतं, कारण ओहोटीला खाडी म्हणजे नुसता चिखल दिसतो.

भरतीरेषा डोळ्यांनी ठरत नाही. ती मंजूर नकाशावर असते, म्हणून गट नंबर टाकून अधिकृत यंत्रणेकडून नकाशावर अंतर काढून घ्यावं लागतं. आधीपासून बांधलेला बंगला विकत घेताना तर दुप्पट काळजी घ्या: परवानगी कोणत्या साली, कोणी दिली, मंजूर क्षेत्र किती आणि जागेवर किती? किहीमला एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा किनाऱ्यावरचा बंगला मार्च २०१९ मध्ये प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. ‘इथे सगळ्यांचेच असे आहेत’ हे वाक्य तिथेही कित्येक वर्षं चालत होतं.

माझा सल्ला विचाराल तर किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत घ्या. भाव उतरतो, सीआरझेडची कटकट जाते, विहिरीचं पाणी गोडं लागण्याची शक्यता वाढते आणि संध्याकाळी चालायला निमित्त मिळतं.

सहावी पायरी: जुलैत जा

डिसेंबरात कुठलीही जागा सुंदर दिसते. जागा पसंत पडली तर सौदा पक्का करण्याआधी जुलैत, उधाणाच्या दिवशी, भर पावसात जाऊन या. रस्त्यावर पाणी कुठवर चढतं, शेजारचा बांध फुटतो का, खारजमीन भरून प्लॉट केला आहे का, हे त्या एका फेरीत कळतं. भराव टाकलेल्या जागेत पावसाळ्यात पाय रुततो आणि आजूबाजूच्या शेतापेक्षा ती विचित्र उंच दिसते.

पाणी चाखून बघा. पावसाळ्यानंतर गोडी असलेली विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. शेजारच्या घरात शिरून ‘काकी, मे महिन्यात पाणी कसं असतं?’ एवढं विचारा. खरं उत्तर तिथेच मिळेल, आणि बहुतेक वेळा चहाही. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी किती दिवसांआड येतं, नवी जोडणी देतात का, तेही विचारून घ्या.

वाट कागदावर हवी. ‘सगळे इथूनच जातात’ म्हणजे आजवर कोणी अडवलं नाही इतकंच. तुमचा बंगला उभा राहिला की वाटेच्या जमिनीचा भाव मालकाला अचानक कळतो. खरेदीखतात रस्त्याची रुंदी आणि तो कोणत्या गटातून जातो ते लिहून घ्या. रस्त्याच्या मालकाची त्यावर संमती हवी. सिमेंटचा ट्रक आत वळेल का, हे चार पावलं चालून मोजा.

आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे वर्षानुवर्षांच्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. बांधताना पत्र्याच्या हौशी शेड आणि काचेच्या भिंती टाळा. उतरतं छप्पर, नीट बांधलेली कौलं आणि घरापासून लांब माड, हे जुन्या लोकांचं गणित अजून बरोबर आहे. खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट, नळाच्या तोट्या भराभर गंजतात. देखभालीला दरवर्षी वेगळे पैसे बाजूला काढावे लागतील.

सातवी पायरी: पैसे आणि नोंदणी

शेतजमिनीला गृहकर्ज मिळत नाही, एनए प्लॉटला मिळतं पण बँकेचा वकील पुन्हा सगळे कागद तपासतो. तो नकार देत असेल तर त्याचं कारण नीट ऐका, फुकटात मिळालेला सल्ला आहे तो. मुद्रांक शुल्काची टक्केवारी जागा ग्रामपंचायतीत आहे की नगरपरिषदेत यावर बदलते, आणि सौद्याची किंमत रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) कमी असली तरी शुल्क दोन्हींतल्या जास्त रकमेवरच लागतं. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. निवासी घर किंवा फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. ग्रामीण शेतजमिनीला तो लागत नाही.

रोख रक्कम देऊ नका. ‘अर्धे रोखीत’ म्हणणाऱ्याचा फायदा त्याचा असतो. पुढे वाद झाला तर कागदावर लिहिलेलीच किंमत तुमची. विसार दिला तर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवून घ्या. मुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल तर मूळ मालक हयात आहे का आणि मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, हे मालकाला प्रत्यक्ष भेटून पाहा.

नोंदणीनंतर

खरेदीखत झालं म्हणून पेढे वाटा, पण फाईल बंद करू नका. फेरफार नोंद झाली का ते बघत राहा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा काढून त्यावर नाव आणि क्षेत्र तपासा. नावात ‘वेलांटी’ चुकली तरी आत्ताच दुरुस्त करा. घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) नाव लावा, घरपट्टी भरा आणि वीज मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या.

पहिल्या महिन्यात मोजणीच्या खुणांवर पक्के दगड रोवून घ्या आणि त्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा. राखणदार ठेवणार असाल तर पगार दरमहा बँकेतून द्या. तो कुटुंबासह आवारात राहणार असेल तर तो नोकर म्हणून राहतो असा लेखी करार आधी करा. नारळ कोणी उतरवायचे आणि त्यातले किती त्याचे, हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या.